रिठातल्या बांध्या

अशी जवळ ये, बाई. कागदातूनच बोलावते आहे, तरी ये, आणि कानात घातलेलं ते काढून ठेव. परवा फोनवर तू तोंडात घास धरून बोलत होतीस. आधी घास गिळावा, मग बोलावं, एवढं तुझ्या आईनं शिकवलं असेल ना? दोन देशांतल्या लागवडीच्या जमिनीचा अभ्यास करून राह्यली म्हणालीस. कोण्या काळी किती होती, आज किती आहे, त्याच्या दोन रेघा काढायच्या आहेत म्हणालीस. मी विचारलं, रेघ वर जाते म्हणजे नेमकं काय होतं? तर म्हणे, "जाऊ दे आजी, तुले नाई समजन."

शिकलेल्या माणसानं असं बोलू नये. मी शाळेत गेले नाही हे खरं, पण दोन देशांच्या जमिनी शेजारी शेजारी मांडून मोजलेल्या मी या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. कागदावर नव्हे, पळसाच्या पानांवर. तुझा आजोबा, म्हणजे माझा धाकटा दीर, तेव्हा तिथंच उभा होता. त्या मोजण्यानंतर त्यानं गाव सोडलं, म्हणून तुझा बाप खाणीच्या गावात जन्मला नि तूही. तुमच्या घरात ही गोष्ट कोणी सांगत नाही. तुझ्या आजोबालाच ती सगळी माहीत नव्हती. मला आहे. आता माहीत असलेलं माणूस मी एकटीच उरले, म्हणून लिहून ठेवते.

मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, जाऊन दोन-तीन पावसाळे झाले होते. माझ्या लग्नालाही तेवढेच. आमचं गाव कुरखेड्याहून आत, बैलबंडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. चांदा जिल्हा तेव्हा एवढा मोठा होता की चांदा पाहिलेलं माणूस गावात बोटावर मोजावं. घरात सासरे, सासू, माझा नवरा, दीर आणि मी. आणि सहा बांध्या. तू शहरातली, म्हणून सांगते. बांधी म्हणजे धानाचा चौकोन. चारी बाजूंनी मातीचा धुरा, मधे पाणी साचतं, त्यात धान. सासरे म्हणायचे, सहा बांध्यांत एक घर जेवते, दोन घरं उपाशी राहतात. ते हे रागानं म्हणत नसत, पाऊस येईल म्हणावं तसं म्हणत.

त्यांची एकच इच्छा होती. दोन्ही पोरांच्या चुलीचा धूर एका आंगणातून दिसावा. माझा नवरा मोठा, त्याला बांध्या मिळणार. धाकट्याला काय? गावातले दोघं-तिघं चांद्याकडं कोळशाच्या खाणीत गेले होते. दीर त्यांच्याबद्दल विचारू लागला की सासरे जेवता जेवता थांबत. त्यांना आणखी चार-पाच बांध्यांची जमीन पाहिजे होती, आणि तशी जमीन एकच होती, नाल्यापलीकडची.

नाल्यापलीकडं सपाट रान होतं. साग, मोह, येन. पटवाऱ्याच्या कागदात त्या जागेला गावाचं नाव होतं नि पुढं लिहिलेलं होतं, रीठ. जे गाव उठून गेलं, ज्यात आता कोणी राहत नाही, त्याला आमच्याकडं रीठ म्हणतात. असे रीठ आमच्या मुलखात खूप. कोणी म्हणे तिथं पटकी आली होती, कोणी म्हणे वाघ लागला, कोणी म्हणे दुष्काळात एका दिवशी सगळे उठले नि चालू लागले. पण त्या गावातल्या कोणाला पाहिलेलं माणूस आमच्या गावात नव्हतं. पाहिलेल्याला पाहिलेलंही नव्हतं. बायका तेंदूपत्त्याला तिकडं जात नसत. भीती कोणी बोलून दाखवत नसे. "तिकडचं पान बारीक असते," एवढंच म्हणत. आणि गुरांचं एक होतं. दुपारी ती नाल्यात उतरत, पण पाणी पिताना उलटी फिरून गावाकडं तोंड करत. सगळीच्या सगळी. रोज पाहून पाहून कोणाला त्याचं काही वाटत नसे. मला नवीन होतं, मला वाटे.

त्याच साली आमच्या भागात ग्रामसेवक आला. वऱ्हाडातला, कापसाच्या मुलखातला तरुण माणूस. सायकलवर यायचा नि अर्ध्या वाटेत सायकलच त्याच्या खांद्यावर असायची. त्याला धानाची जपानी पद्धत शिकवायची होती. दोरी धरून ओळीत रोपं लावा, एका जागी दोन-तीनच लावा, असं तो सांगे. बायका त्याला म्हणत, "काऊन जी साहेब, धानाची पंगत बसवता का?" तो बिचारा हसे आणि पुन्हा दोरी धरे. मला तो माणूस आवडायचा. त्यानं चावडीवर एक छापील तक्ता लावला होता, आणि मी तो वाचते हे पाहून त्याला नवल वाटलं. मी अक्षरं शिकले ती भावाच्या पाटीवरून. तो समोर बसून गिरवायचा नि मी इकडून पाहायची. त्यामुळं मला उलटी अक्षरं आधी आली, सुलटी मागून. अजूनही समोरच्याच्या हातातलं पत्र मी इकडून वाचते. तू म्हणून सांगते, कोणाला सांगू नकोस.

सासऱ्यांनी ग्रामसेवकाला धरलं. साहेब, नाल्यापलीकडची जागा पाहा, लागवडीलायक आहे असं तुमच्या कागदात लिहा, मग पुढचं वरच्या कचेरीत पाहू. तो म्हणाला, मी येतो, पाहतो, खरं असेल तर लिहितो.

आता मधेच एक सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडं नवी जमीन मोडायची तर आधी ती मागावी लागे. कचेरीला नव्हे, जमिनीलाच. वैशाखात, सावली पायाखाली आली की त्या जागी झाडाखाली पळसाची दोन पानं मांडायची. उजवं पान जे नांगरणार त्यांचं, डावं पान जे आधी नांगरून गेले त्यांचं. दोन्हीवर तांदळाच्या राशी घालायच्या, आपली मोठी, त्यांची लहान. वरून पानांचे द्रोण उपडे घालायचे. मग सगळ्यांनी ती जमीन फिरून यायचं, मागं पाहायचं नाही. घरातली एक बाई राखणीला बसते, तीही पाठ करून. परत आल्यावर द्रोण उचलायचे. आपली रास जशीच्या तशी असली तर नांगर धरा. आपली कमी झाली तर या वर्षी नाही, पुढच्या वैशाखात पुन्हा मागा. आणि त्यांची वाढली, तर घरी जा. पुन्हा कधी मागू नका.

मी सासूला विचारलं होतं, "आत्याबाई, आधी कोनी नांगरलंच नसन तर?"

सासू म्हणाली, "कोनी ना कोनी नांगरलं असतेच."

सासऱ्यांची चूक झाली ती एवढीच की त्यांनी दोन्ही मागण्या एका दिवशी ठेवल्या. साहेबाचीही नि जमिनीचीही. माणूस घाईत होता. दीर खाणीचं नाव दिवसातून दोनदा काढू लागला होता.

त्या दिवशी आम्ही नाला ओलांडला तेव्हा ऊन डोक्यावर यायचं होतं. पुढं सासरे, दीर, ग्रामसेवक. गावातले चार बाप्ये, ज्यांना उत्सुकता होती ते. मागं सासू, मी सूप घेऊन, सुपात तांदूळ. आणि शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, गोंडीण म्हातारी, भूमकाच्या, गावदेवाच्या पुजाऱ्याच्या घरची, पानांचं पाहायला तीच लागे. माझा नवरा तापानं घरी पडून होता. मोठ्या मोहाखाली म्हातारीनं जागा झाडली, दोन पानं मांडली. मी सूप खाली ठेवलं.

ग्रामसेवकाची सवय अशी होती की कोणत्याही गावात तो बायकांकडून मूठभर धान मागे नि जमिनीवर ढीग करून समजावून सांगे. त्यानं झाडलेली जागा पाहिली, दोन पानं पाहिली, सुपात तांदूळ पाहिले. त्याला वाटलं, लोकांनी त्याच्यासाठीच तयारी केली आहे. इतका खूश झाला. चप्पल काढून मांडी घालून बसला नि उजव्या पानावर ओंजळीनं तांदूळ घातले. म्हणाला, "हा आपला देश. ही आपली नांगराखालची जमीन." डाव्या पानावर चिमूटभर घातले. "हा जपान."

सासऱ्यांचं तोंड उघडलं नि मिटलं. साहेबाला मधे टोकायचं कसं? म्हातारी तेवढी पुढं सरकून नीट पाहू लागली.

तो छान सांगायचा, खोटं नाही बोलणार. आपल्या राशीवर थोडे थोडे तांदूळ टाकत गेला. आजोबाच्या काळी एवढी जमीन, बापाच्या काळी एवढी, आता एवढी. दरवेळी जंगल तुटलं नि रास फुगली. जपानच्या राशीवर त्यानं दोन-चारच दाणे टाकले. म्हणाला, तिथं डोंगर नि समुद्र, सरकायला जागा नाही, म्हणून आज्यापासून नातवापर्यंत जमीन जवळपास तेवढीच. पण तेवढ्यात ते कितीतरी जास्त धान काढतात. आपलं काय, पोट भरेना की दुसरी जमीन शोधा.

सासरे हात जोडून म्हणाले, "साहेब, मी बी तेच मागाले आलो."

सगळे हसले. ग्रामसेवकही हसला. तेवढ्यात म्हातारीनं दोन द्रोण घेतले नि दोन्ही राशींवर उपडे घातले. राशी घातल्या गेल्या होत्या, मग झाकणं तिचं काम होतं. ग्रामसेवक म्हणाला, "बरं केलं बाई, पाखरं खाणार नाहीत." आणि चप्पल घालून उठला. सासू मोहाच्या बुंध्याशी पाठ करून बसली. म्हातारीसकट आम्ही बाकी सगळे निघालो.

सागाची पानं गळून गेली होती. सगळं रान उघडं, उजेड सरळ खाली. पायाखाली पानांचा असा आवाज होत होता की बोललेलं ऐकू येईना. मी सगळ्यांच्या मागं होते. चालता चालता मला पायांत काहीतरी ओळखीचं वाटलं. वीस पावलं सपाट, मग चढ, मग लगेच उतार, पुन्हा वीस पावलं सपाट, पुन्हा चढ. डोळ्यांना साग दिसत होते, पण पायांना ती चाल रोजची होती. सासऱ्यांची भाकर घेऊन मी रोज असंच चालत होते. मी थांबले. दीरही थांबला होता. त्यानं वाकून हातानं पानं सारली.

"वहिनी," तो म्हणाला, "हा धुरा आहे."

धुराच होता. आणि पुढं दुसरा, त्याच्यापुढं तिसरा. नीट आखलेल्या बांध्या, कोपऱ्याला कोपरा लागलेला, पाणी काढायच्या जागासुद्धा कापलेल्या. आणि प्रत्येक बांधीत, जिथं धान उभं राहावं तिथं, माणसाच्या कवेत न मावणारे साग.

ग्रामसेवकाचा आनंद काय सांगू. ही तर तयार जमीन आहे, म्हणाला, बनवायचीही गरज नाही, कोणीतरी बनवूनच ठेवली आहे. तो धुऱ्यावरून चालत बांध्या मोजू लागला. सासरेही हसत होते, पण ओठांनीच. पुढं एका कोरड्या तलावाची पाळ लागली, आणि पाळीखाली खडकात कोरलेलं उखळ. त्या दिवसांत जंगलात जिथं खळगा असेल तिथं पानं भरलेली असतात. चुलीएवढ्या खळग्यात टोपलीभर पानं. त्या उखळात एकही पान नव्हतं. आतून गुळगुळीत, रोज हात फिरलेला असावा तसं. मी वाकून पाहिलं नि लगेच सरळ झाले. का ते विचारू नकोस. परक्या घरात डोकावल्यावर होतं तसं झालं.

ग्रामसेवक परत आला, म्हणाला, चौदा बांध्या. दीर दुसऱ्या अंगानं गेला होता, तो म्हणाला, सतरा. दोघं पुन्हा गेले. या वेळी ग्रामसेवकाला एकोणीस लागल्या. तो चिडल्यासारखा झाला, खिशातली वही काढून पुन्हा निघाला, तेव्हा सासऱ्यांनी त्याच्या हाताला हात लावला. साहेबाच्या हाताला हात लावणारा तो माणूस नव्हता.

"मोजू नका, भाऊ," ते म्हणाले.

मीही मनात मोजल्या होत्या. माझा आकडा त्या तिन्ही आकड्यांपेक्षा मोठा होता.

मग सगळे जागच्या जागी उभे राहिलो, आणि पानांचा आवाज थांबला. तेव्हा ते ऐकू आलं. पलीकडच्या बांध्यांतून येत होतं. रोवणी करताना बाई एक पाय चिखलातून उपसते नि दुसरा टाकते, तो आवाज तू ऐकला नसशील. चिखल पाय सोडताना एक घोट घेतो. तसा आवाज. एकाचा नाही, ओळीनं पुष्कळांचा, संथ, घाई नसलेला. वैशाखाचा महिना. त्या रानात ओंजळभर पाणी नव्हतं. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

ग्रामसेवकानं वही खिशात घातली. आम्ही परत फिरलो. येताना वाटेत दीर माझ्या शेजारून चालत होता, आणि त्याच्या पलीकडं, धुऱ्याच्या दुसऱ्या अंगाला, आमच्याच चालीनं पानं वाजत होती. आम्ही थांबलो की एक पाऊल जास्त वाजे.

मोहाखाली सासू तशीच पाठ करून बसली होती. म्हातारीनं आधी उजवा द्रोण उचलला. आपली रास कमी झाली होती. वरून मूठभर उचलावी तसा खळगा पडलेला. सासऱ्यांनी श्वास सोडला. याचा अर्थ फक्त पुढच्या वर्षी मागा, एवढाच. एक वर्ष पोराला कसंही धरून ठेवता आलं असतं.

मग तिनं डावा द्रोण उचलला. चिमूटभर घातलेले तांदूळ पानभर झाले होते. पानाच्या कडेवरून मातीवर सांडले होते. आपल्या राशीतून गेले त्याहून कितीतरी जास्त. मुंगी नव्हती, खारीचं पाऊल नव्हतं. आणि एक गोष्ट फक्त आम्हा बायकांना दिसली. उजव्या पानावरचे तांदूळ आमचे होते, घरच्या उखळातले, पांढरे. डाव्या पानावरचे लालसर होते, जाड. तसं धान आमच्या गावात कोणी पेरत नव्हतं.

ग्रामसेवकानं विचारलं, कोणी हात लावला?

म्हातारी म्हणाली, "साहेब, त्याइची जमीन वाढली."

"कोणाची? बाई, हा जपान आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज मात्र बारीक झाला होता.

"असन," म्हातारी म्हणाली. "नाव तुमी ठेवलं."

दीर भडकला. त्यानं बापाला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, त्या दिवशी दिलं. "बाबा, मूठभर तांदळापायी तुमी माही जमीन सोडून राह्यले का? तयार बांध्या आहेत तिथी. झाडं काढाची, बस."

सासरे त्याच्याकडं न पाहता म्हणाले, "तयार नाई बेटा. चालू आहेत."

ग्रामसेवकानं पिशवीतून कागद काढला, कागदाखाली पाटी धरली नि सासऱ्यांना विचारलं, लिहू का? सासऱ्यांनी मान हलवली, नको म्हणून. तरी त्याला काहीतरी लिहिणं भाग होतं, सरकारी माणूस. कागदावर दोनच रकाने होते, लागवडीलायक आणि जंगल. मी समोर उभी होते, मला इकडून दिसत होतं. त्यानं पहिल्या रकान्यात काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि दुसऱ्या रकान्यात जंगल लिहिलं. मग सायकल घेऊन निघाला. पुढंही तो आमच्या गावी येत राहिला, दोरी धरून धान लावायला शिकवत राहिला, आम्ही शिकलोही. पण पानांवर ढीग करून देश दाखवताना मी त्याला पुन्हा पाहिलं नाही. तक्त्यावर बोट ठेवूनच दाखवायचा.

मृग लागायच्या आधी तुझा आजोबा गेला. आरमोरीपर्यंत पायी, तिथून मोटर, पुढं चांदा. जाताना सासूनं त्याला गूळ-पोहे बांधून दिले. सासरे सहा बांध्यांच्या मधोमध उभे होते, इकडं पाठ करून, जसं काही पाणी पाहत आहेत. पाऊस पडला नव्हता, पाणी कुठलं? दीर त्यांच्या पाया पडायला तिथवर गेला. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. परत येताना तो धुऱ्यावरून न येता बांधीतूनच सरळ आला, मातीची ढेकळं तुडवत.

तिकडं त्याचं बरं झालं. खाणीत काम लागलं, खोली मिळाली, लग्न झालं. पोळ्याला यायचा, मग एक पोळा सोडून यायचा. सासरे गेले तेव्हा त्याला निरोप पोचायला दोन दिवस लागले.

आता जे कोणालाच माहीत नाही ते. दीर जाऊन दोन पावसाळे झाले होते. रोवणी चालू होती. सासू नि मी एका दोरीवर होतो, ती त्या टोकाला, मी या टोकाला, लावत लावत मधे भेटलो. ती कमरेत वाकलेली, वर न पाहता बोलू लागली. म्हणाली, आपल्या पानावरचे तांदूळ तिनं काढले होते. आम्ही निघाल्यावर द्रोण उचलला, मूठभर काढले, पदराच्या टोकाला बांधले, द्रोण पुन्हा ठेवला, पाठ करून बसली. नवीन लग्न झालेलं असताना ती एकदा सरपणासाठी चुकून पलीकडं गेली होती. तिनं ते उखळ पाहिलं होतं. तिला तिथं आपला पोरगा नांगर धरून उभा पाहवत नव्हता. एक वर्ष टळावं, तेवढ्यात दुसरी एखादी जमीन निघेल, एवढंच तिच्या मनात होतं. ते तांदूळ तिनं त्याच दिवशी घरच्या तांदळात घालून शिजवले. आम्ही सगळ्यांनी खाल्ले.

मी विचारलं, "आत्याबाई, मग दुसऱ्या पानावर तुमीच टाकले का?"

"त्या पानाले मी हात नाई लावला," ती म्हणाली. "पाठ करून बसली ना मी, तर मागं कोनीतरी तांदूळ पाखडून राह्यलं होतं. सुपाचा आवाज होता, बांगड्या बी वाजत होत्या. मले वाटलं तूच मागं राह्यली. मी म्हणलं बी, पोरी, जाय त्याइच्या संगं."

"मंग?"

"बांगड्या थांबल्या."

मी तर सगळ्यांबरोबर होते. सूप मात्र मोहाखालीच ठेवून गेले होते, रिकामं.

ती त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. पोराला जवळ ठेवायला केलं नि पोरगा गेला, हे तिनं तोंडानं कधी म्हटलं नाही. त्याचं नाव निघालं की पदराचं टोक चाचपायची, एवढंच. मला म्हणाली होती, त्याले सांगू नको. मी नाही सांगितलं. तुझा आजोबा शेवटचा आला होता तेव्हा माझ्यासोबत नाल्यापर्यंत आला. खोकत होता, दम लागत होता, तरी आला. पलीकडं पाहत म्हणाला, "वहिनी, बाबाइनं मले जमीन द्याले नाई म्हणलं, की जमिनीनं?" इतकी वर्षं तो हे पोटात घेऊन होता. मी तोंड उघडलं. सासूचा चेहरा समोर आला. मी म्हणाले, "जमिनीनं, भाऊजी." अर्धं खरं होतं. ते अर्धं ऐकून तो गेला, आणि राहिलेलं अर्धं माझ्याकडंच राहिलं.

म्हणून तुला सांगितलं. तू त्याची नात. तुझ्या त्या दोन रेघांत नाल्यापलीकडची जमीन जंगलात धरली असेल, त्या ग्रामसेवकानं लिहिली तशीच. धर बापा, त्याशिवाय तरी कुठं धरशील. ती कोणाच्या नांगराखाली आहे हे विचारायला तिसरा रकाना त्याच्याकडं नव्हता, तुझ्याकडंही नसेल. पण तुझ्या आजोबाला घरानं टाकलं नव्हतं, हे तुझ्या बापाला सांग. त्याच्या आईनं जीव लावूनच केलं जे केलं ते. फोनवर नको सांगू, समोर बसून सांग.

आणि मग ये. बापाला घेऊन ये, दोघंच या. सहा बांध्या अजून आहेत, तुझा चुलता दोरी धरूनच लावतो. आंब्याचं पन्हं करून ठेवते, मोहाची भाकर खाल्ली नसशील, तीही करते. माझे गुडघे आता नाल्यापर्यंत नेत नाहीत, पण तुमच्या दोघांचे नेतील, नि मी दारातून पाहत राहीन. रोवणीच्या आधी ये, बाई. उशीर नको करू.